हरभरा, ऊन आणि पेरणीची तारीख

फेब्रुवारीअखेर उशिरा पेरलेल्या हरभऱ्यात जा आणि एक झाड उपटून पाहा. खालच्या फांद्यांना बरे घाटे दिसतील. शेंड्याकडे मात्र फुलं गळून वाळलेले देठ, आणि मध्येच एखादा घाटा चिमटीत दाबला तर आत सुरकुतलेला दाणा. "बियाणंच बोगस निघालं," हे वाक्य लगेच कानावर पडतं. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा चुकलेली असते ती पेरणीची तारीख.

'हरभरा थंडीचं पीक, जितकी थंडी तितका उतारा,' हा सगळ्यात पक्का समज, आणि तो अर्धाच खरा आहे. फुलोऱ्यात दिवसरात्रीचं सरासरी तापमान 15 अंशांखाली उतरलं तर फुलं येतात, पण घाटे धरत नाहीत. उत्तर भारतात हे नेहमीचं दुखणं. उलट दिवसाचा पारा 35 च्या वर चढला की परागकण निकामी होऊ लागतात. फूल वरून टवटवीत दिसतं, आत काम बिघडलेलं असतं. आंध्र प्रदेशातला हिवाळा तर तोकडा आणि उबदार; तरी तिथे हरभरा रुजला. लवकर पक्व होणाऱ्या वाणांनी ही किमया केली, कारण ऊन तापायच्या आत त्यांचे घाटे भरून झालेले असतात.

'पेरणी महिनाभर लांबली तर काढणीही महिनाभर लांबेल, एवढंच,' हा समज सगळ्यात महाग पडतो. सोयाबीन निघायला उशीर, त्यात परतीचा पाऊस, मग वापसा येईना. असं करत डिसेंबर उजाडतो. त्या पेरणीचा फुलोरा जानेवारीअखेर येतो आणि दाणा भरायच्या वेळी विदर्भ-मराठवाड्यात ऊन चटके देऊ लागलेलं असतं. उन्हात झाड घाई करतं. फांद्या कमी फुटतात, घाटे कमी लागतात, दाणा पुरता भरण्याआधीच पीक पिवळं पडतं. महिना उशिरा पेरलेलं पीक म्हणूनच पूर्ण महिनाभर उशिरा निघत नाही. मधले जे दिवस कापले जातात, ते उताऱ्यातूनच जातात.

मग पेरणी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच उरकावी का? तेही नको. तापलेल्या ओल्या जमिनीत रोपांची मान कुजते. महाराष्ट्रात कोरडवाहू हरभरा साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून, जमिनीत ओल आहे तोवर पेरतात; बागायती 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर.

उन्हाचं नुकसान पाण्याने भरून निघतं, हेही पूर्ण खरं नाही. भारी जमिनीत ऐन फुलोऱ्यात पाणी सोडलं तर झाड नुसतं माजतं. एक पाणी फुलोऱ्याआधी आणि दुसरं घाटे भरताना, हेच कामाचं.

जेजी 14 सारखे उष्णता सोसणारे वाण उशिराच्या पेरणीत नुकसान कमी करतात, हे खरं. पण 'हे पेरा, कधीही पेरा' असं सांगून कुणी तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवत असेल तर चढू नका.

यंदा वहीत पेरणीची तारीख लिहाल, तेव्हा पहिलं फूल दिसलं तो दिवसही शेजारी नोंदवा. पुढच्या वर्षी कधी पेरायचं ते त्यावरून ठरवा.