दुकानातली अरबी : विनंती आणि तिचं उत्तर



वार्षिक परीक्षा संपत आली की आमच्या कात्रप भागातले एखाददुसरे पालक शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी येतात. बाबा आधीपासून मस्कतला नाहीतर दोह्याला नोकरीला असतात, आता घर मिळालेलं असतं, बायको-मुलं तिकडे जाणार असतात. अर्ज देता देता प्रश्न येतो, "बाई, ह्याला थोडं अरबी शिकवून ठेवू का? निदान दुकानातून काही आणण्यापुरतं?"

मोबाईलवर 'रोजची शंभर अरबी वाक्यं' अशा याद्या मिळतात आणि त्या घोकून घ्यायला पालक तयारच असतात. यादी पाठ करून मुलाला वस्तूंची नावं येतील, पण दुकानात नीट बोलता येईलच असं नाही. कारण अरबीतला सभ्यपणा सुट्या शब्दात नसतो, तो जोडीत असतो. एकाने एक म्हणायचं आणि दुसऱ्याने त्याचं ठरलेलं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर ती विनंती किंवा ते आभार अर्धेच राहतात.

आता कोणी म्हणेल, दुबई-दोह्याच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बहुधा केरळचा, बांगलादेशचा नाहीतर पाकिस्तानचा माणूस असतो, तिथे हिंदी चालते. खरं आहे. पण शेजारच्या अरब आजी, शाळेतल्या मित्राची आई, ओमानमधले मत्रह किंवा निझवाचे जुने बाजार, इथे दोन शब्द अरबीत बोललेले मूल आणि न बोललेलं मूल यांत फरक पडतो. शिवाय आपल्याकडेही पावसाळ्यात अरब पाहुणे मुंबईत येतात, त्यांच्याशी बोलायची वेळ कुलाब्याच्या दुकानदारावर येतेच.

सुरुवात मात्र मुलाला जे येतं तिथून करावी. आणि मराठी मुलाला बाजारातली अरबी बरीच येते! दुकान, हिशेब, किंमत, वजन, बाकी, रक्कम, माल, हमाल, दलाल, नफा, कर्ज, वसूल हे सगळे मुळात अरबी शब्द. बहुतेक फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. वर मी 'दाखला' आणि 'अर्ज' लिहिलं, तेही त्यातलेच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणून. कारभारात ते काही प्रमाणात रुजलेही, पण बाजाराने आपले शब्द सोडले नाहीत. धनादेशावर आपण 'रुपये पाचशे फक्त' लिहितो ना, तो 'फक्त' अरबी 'फ़क़त' आहे आणि तिकडेही रकमेपुढे तसाच लिहितात.

काही शब्दांचा अर्थ मात्र थोडा सरकला आहे, आणि मुलांना नेमकं हेच आवडतं. अरबीत 'रक़म' म्हणजे आकडा, आपल्याकडे पैशांची रक्कम. 'कीस' म्हणजे पिशवी, आपल्याकडे तो खिसा झाला. 'बाक़ी' म्हणजे सुटे परत द्यायचे ते पैसे. किराणा दुकानाला आखातात 'बक़्क़ाला' म्हणतात. जुन्या मराठीतल्या 'वाणी-बकाल' या जोडीतला बकाल तो हाच. आणि आपल्या गावाचं नाव? इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं गावात सांगतात. ते खरं असो वा नसो, 'बदल' हा शब्द अरबी आहे आणि दुकानात लगेच उपयोगी पडतो. आणलेली वस्तू बदलून हवी असेल तर म्हणायचं, "मुमकिन अबद्दिल हाज़ा?" म्हणजे 'हे बदलता येईल का?' कात्रपच्या मुलाला हे वाक्य पाठ करावं लागू नये.

आता विनंतीकडे येऊ. मराठीत आपण भाजीवालीला 'कृपया' म्हणत नाही. "मावशी, पाव किलो भेंडी द्या" एवढं म्हटलं की पुरतं, कारण सभ्यपणा 'मावशी'त आहे आणि 'दे'चं 'द्या' करण्यात आहे. हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून अरबीत नेलं तर नुसतं 'मला दे' उरतं, कारण रोजच्या अरबीत 'द्या'सारखं आदरार्थी रूप नाही. तो आदर वेगळा शब्द जोडून दाखवावा लागतो. तो शब्द म्हणजे 'लौ समहत'. अर्थ, 'तुमची परवानगी असेल तर'. दुसरा 'मिन फ़ज़्लक', म्हणजे 'तुमच्या कृपेने'. दोन्ही चालतात, पण बोलण्यात पहिला जास्त ऐकू येतो. हॉटेलात बिल मागताना "अल-हिसाब, लौ समहत" म्हटलं की झालं. यातला हिसाब तर मुलाच्या ओळखीचाच!

इथे एक गंमत आहे. मराठीत 'मी जातो', 'मी जाते' यावरून बोलणारा मुलगा की मुलगी ते कळतं. अरबीतल्या या विनंत्यांमध्ये ऐकणारा कोण आहे ते कळतं. पुरुषाला 'लौ समहत', बाईला 'लौ समहती'. पुरुषाला 'मिन फ़ज़्लक', बाईला 'मिन फ़ज़्लिक'. यादीत बहुधा एकच रूप दिलेलं असतं आणि मग मुलं शेजारच्या आजींनाही पुरुषासारखं बोलतात. आजी हसून सोडून देतील, पण आधीच सांगितलं तर बरं. 'मावशी' म्हणायची सवयही सोडायला नको. अरबीत 'ख़ाला' म्हणजे आईची बहीणच आणि वयाने मोठ्या बाईला तशी हाक मारतात.

जोड्यांमध्ये सगळ्यात आधी नमस्कार. "सबाहुल ख़ैर" म्हणजे चांगली सकाळ. याचं उत्तर तेच शब्द परत म्हणून देत नाहीत. उत्तर "सबाहुन्नूर", प्रकाशाची सकाळ. संध्याकाळी "मसाउल ख़ैर" आणि "मसाउन्नूर". ख़ैर म्हणजे 'आता तुझी खैर नाही' मधला खैर, आणि नूर म्हणजे चेहऱ्याचा नूर. एवढं सांगितलं की मुलं विसरत नाहीत. उत्तर नेहमी थोडं चढतं असतं, हे मला फार आवडतं. समोरच्याने भलं चिंतलं तर आपण उजेड चिंतायचा.

मग आभार. "शुक्रन" सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचं उत्तर "अफ़वन" हे माहीत नसतं. याचं मूळ आणि आपल्या 'माफ करा'मधल्या माफचं मूळ एकच. नको असेल तेव्हा नुसतं "ला" म्हणजे 'नाही' म्हणून मान फिरवू नये, "ला, शुक्रन" म्हणावं. दुकानदार वस्तू पुढे करतो किंवा 'या, बसा' म्हणतो तेव्हा "तफ़ज़्ज़ल" म्हणतो, बाई असेल तर "तफ़ज़्ज़ली". सामान उचलून देणाऱ्याला, झाडणाऱ्याला, दारावर पाण्याची बाटली आणणाऱ्याला "याअतीक अल-आफ़िया" म्हणतात, म्हणजे 'देव तुला आरोग्य देवो'. मराठीत कष्ट करणाऱ्याला जाता जाता म्हणायचं असं तयार वाक्य मला तरी आठवत नाही. हे एक वाक्य मुलाने नक्की नेलं पाहिजे.

काही पालक इथे थबकतात, कारण बऱ्याच उत्तरांत अल्लाहचं नाव येतं. अरब ख्रिस्तीही देवाला अल्लाहच म्हणतात. आपल्या 'देव तुझं भलं करो'सारखं ते आहे. ज्यांना तरी संकोच वाटतो त्यांना "मरहबा" आणि "शुक्रन" एवढ्यावरही भागवता येतं.

यापेक्षा जास्त काळजी मला दुसऱ्या एका अरबीची वाटते. आखातात जाऊन आलेल्या घरांतली मुलं सर्रास "खल्ली वल्ली" म्हणतात, म्हणजे 'जाऊ दे, सोड'. मित्रांत ठीक आहे, पण दुकानदाराला म्हटलं तर ते 'गेलास उडत' असं लागतं. तसंच "यल्ला", 'चल, आटप'. आणि "सदीक़". याचा अर्थ मित्र, पण आखातात अनोळखी मजुराला हाक मारायला तो इतका वापरतात की त्यातली मैत्री बरीच कमी झाली आहे. कामावर बाबांच्या कानावर दिवसभर 'जीब', 'रूह' म्हणजे 'आण', 'जा' अशी हुकमाची अरबी पडते, घरी तीच बोलली जाते आणि मूल तीच भाषा समजून उचलतं. बाबांचा त्यात काय दोष? पण मुलाला पहिली अरबी हुकमाची मिळू नये असं मला वाटतं.

घासाघीस जुन्या बाजारांत चालते, मॉलमध्ये नाही. "बिकम हाज़ा?" म्हणजे 'हे केवढ्याला?' भाव ऐकल्यावर "ग़ाली श्वय्य", 'जरा महाग आहे'. यातला 'जरा' महत्त्वाचा. मग "आख़िर सिअर?" आपलं 'शेवटचं बोला', आणि आपला 'अखेर' त्यात आहेच. पटलं नाही तर "मर्रा सानिया, इन्शाअल्लाह", पुढच्या वेळी बघू. इजिप्त-सीरियाकडे दिवसाच्या पहिल्या विक्रीला 'इस्तिफ़्ताह' म्हणतात. आपल्याकडे जशी भवानी. तिकडचेच दुकानदार कधी पैसे घेताना "ख़ल्लीहा अलेना" म्हणतात, 'राहू द्या, आमच्याकडून'. मुलं हे खरं धरून वस्तू घेऊन निघतील! तो शिष्टाचार आहे. आपणही पाहुण्याला 'राहू द्या हो पैशांचं' म्हणतोच की. आभार मानायचे आणि पैसे पुढे करायचे.

पैशांबद्दल थोडं गणित. आखातात बराच काळ भारतीय रुपया चालत असे. १९५९ साली तिकडच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या नोटा निघाल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, ओमानमध्ये तो रुपया १९७० पर्यंत होता. ओमानी रियालचे हजार भाग होतात आणि एका भागाला 'बैसा' म्हणतात. तो आपला पैसाच. अरबीत 'प' नाही, म्हणून 'ब' झाला. (बदलापूरचंही तिकडे बदलाबूर होणार!) ओमान, कुवेत, बहरीनमध्ये किमती दशांश चिन्हानंतर तीन अंकी असतात. रुपये-पैशांत दोनच अंकांची सवय असलेलं मूल इथे गोंधळतं. अंकांच्या आकारातही फसगत आहे. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. हाताने लिहिलेल्या पाटीवर पन्नास म्हणजे एक गोल आणि एक ठिपका.

संख्या बोलण्यात मात्र मराठी मूल पुढे आहे. पंचवीसला अरबीत "ख़म्सा व इशरीन" म्हणतात, पाच आणि वीस. आधी एकक, मग दशक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन आलं आणि केवढा वाद झाला ते आपल्याला आठवत असेल. सोपेपणाचा तो मुद्दा मला पटतो, पण 'पंचवीस' पक्कं असलेल्या मुलाला अरबी संख्या दोन दिवसांत येतात, हेही खरं.

घरी सराव करायचा तर दुकान-दुकान खेळा. पहिली-दुसरीत खोट्या नोटा घेऊन आपण खेळतोच. फक्त नियम एक ठेवा : उत्तर आल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. "शुक्रन"ला "अफ़वन" आलं नाही तर साखरेचा पुडा परत. एकदा बाबांना दुकानात बसवा, एकदा आजीला, म्हणजे 'समहत' आणि 'समहती' आपोआप बदलेल. दिवसाला दोनच जोड्या पुरेत. नवी वस्तू घेतली की "मबरूक", उत्तर "अल्लाह यबारिक फ़ीक". आणि केस कापून आलेल्याला "नईमन" म्हणतात, म्हणजे 'सुखाचं होवो'. मराठीत यासाठी काहीच नाही, म्हणून मुलांना ते फार आवडतं. मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांचे केस कापलेले असतात, तेव्हा सरावाला माणसंही कमी पडत नाहीत.