अर्जातले रकाने (भाग ५) : एका चौकटीत न मावणारी माणसं

अमेरिकेतल्या नोकरीच्या अर्जात अपंगत्वाविषयी काय विचारतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज वंशाचा रकाना.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याने वंशावरून नोकरी नाकारण्यास बंदी घातली. ती पाळली जाते का, हे तपासायला मोजदाद हवी. म्हणून १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना ‘ईईओ-१’ हा तक्ता सरकारला सादर करावा लागतो. अर्जाच्या शेवटी वंशाविषयी विचारतात, ते अशाच मोजदादीसाठी. उत्तर देणं ऐच्छिक असतं.

तक्त्याची रचना दोन टप्प्यांची आहे. आधी प्रश्न : तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का? ‘हो’ म्हटलं की मोजणी तिथेच थांबते. ‘नाही’ म्हटलं तर गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई, मूलनिवासी, हवाई व पॅसिफिक बेटांवरचे, हे गट येतात आणि २००७पासून ‘दोन किंवा अधिक वंश’ हाही.

समजा, आई साताऱ्याची आणि वडील मेक्सिकन वंशाचे आहेत. मुलगी फक्त हिस्पॅनिक मोजली जाते. आईकडचा वारसा तक्त्यात उमटतच नाही. वडील कृष्णवर्णीय असतील, तर ती ‘दोन किंवा अधिक’मध्ये जाते. वडील गोरे असले, तरी रकाना तोच. या दोन मुलींच्या वाट्याला येणारा भेदभाव सारखा नसतो, पण तक्ता दोघींना एकाच आकड्यात बसवतो. भेदभाव शोधण्यासाठी केलेल्या मोजणीतली ही मोठी उणीव आहे.

तरीही ‘दोन किंवा अधिक’ हा रकाना मिळायला फार काळ लागला. १९३०च्या जनगणनेत प्रगणकांना स्पष्ट सूचना होती : कृष्णवर्णीय रक्ताचा अंश कितीही कमी असो, गोऱ्या-काळ्या मिश्र वंशाच्या माणसाची नोंद कृष्णवर्णीय म्हणूनच करावी. एकाहून अधिक वंश सांगण्याची मुभा जनगणनेत आली थेट २००० साली. २०२०मध्ये असे ३ कोटी ३८ लाख लोक नोंदले गेले. मार्च २०२४मध्ये सरकारने वंशाच्या नोंदीची नवी मानकं जाहीर केली. त्यांत हिस्पॅनिक ओळख आणि वंश एकाच प्रश्नात विचारायचे असून, लागू पडतील ते सगळे पर्याय निवडता येतात. साताऱ्याच्या आईच्या मुलीला न्याय मिळेल तो याच पद्धतीने.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. नोकरी लागल्यावरही उत्तर दिलं नाही, तर कंपनी आपल्याकडच्या नोंदींवरून किंवा नुसतं तुमच्याकडे पाहून तुमचा गट ठरवू शकते. तेव्हा परदेशात वाढलेल्या आपल्या मुला-नातवंडांना एवढं जरूर सांगा : आपण कोण, हे चेहरा पाहून दुसऱ्याला ठरवू देऊ नका. आई-वडील दोघांचाही वारसा मानत असाल, तर अर्जात मुभा असेल तिथे दोन्ही खुणा निःसंकोच करा.

(पुढील आठवड्यात : माजी सैनिकांचा रकाना)