अमेरिकेत बापाच्या नावावर उधारी नाही
करडीहून तुमसरला गेलो की वालिदांच्या नावावर मला कापडाचे ठाण उधार मिळे. मुलगा ओहायोतल्या डेटनला गेला, तिथे त्याला कोण ओळखणार? तसे या सव्वा लाखावर वस्तीच्या शहराने 2011 मध्ये परदेशी नवख्यांच्या स्वागताची योजना केली आहे. पण तिथली साख म्हणजे 300 ते 850 मधला आकडा, आणि नवख्याकडे तोही नसतो. म्हणून घरमालक जादा डिपॉझिट मागतो. कामाचा परवाना असल्यास आधी सोशल सिक्युरिटी नंबर काढावा. मग बँकेत रक्कम अडकवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्यावे, बिल दरमहा पूर्ण फेडावे; व्याजही लागत नाही. गाडी इथेच शिकून जावे. दुकानात छापील भावावर विक्रीकर वेगळा चढतो. मी सवयीने घासाघीस केली, गल्ल्यावरची पोरगी नुसती हसली.