विमान उतरले, 'सर' झाले

सटाण्याच्या बाजारात निवृत्त शिक्षक पिशवी घेऊन निघाले, की कांद्याच्या ट्रॅक्टरवरून कुणीतरी हमखास हाक मारतो, 'सर, नमस्कार!' हाक मारणाऱ्याचे केसही पांढरे झालेले असतात. पूर्वी गुरुजी होते, मास्तर होते. पुढे आडनावाला 'सर' चिकटले आणि ते नावाचाच भाग झाले. देवरे सर, अहिरे सर, सोनवणे सर. घरातली मंडळीसुद्धा कधी कधी 'सर आले का?' असेच विचारतात. हा शब्द इतका आपला झाला आहे, की तो परभाषेतला आहे हे आठवावे लागते.

जगात या एका शब्दामुळे ओळखला गेलेला एक शिक्षक होऊन गेला, आणि तो आधी युद्धकाळातला वैमानिक होता. त्याचे नाव युस्टेस एडवर्ड रिकार्डो ब्रेथवेट. जन्म २७ जून १९१२, जॉर्जटाउन, ब्रिटिश गयाना. म्हणजे क्रिकेटपटू क्लाइव्ह लॉईड आणि रोहन कन्हाय यांचा देश. तेव्हा ती आपल्यासारखीच ब्रिटिशांची वसाहत होती. घर शिकलेले, इंग्रजी संस्कारांत वाढलेले. मुलगा विज्ञानाकडे वळला. अरूबा बेटावरच्या तेल कंपनीत त्याने दळणवळण अभियंता म्हणून काम केल्याचे त्याच्या आत्मकथनात येते.

मग दुसरे महायुद्ध आले. ब्रिटनच्या हवाई दलात, रॉयल एअर फोर्समध्ये, तोवर अस्सल युरोपीय वंशाची अट होती. १९३९च्या ऑक्टोबरमध्ये, लढाईला तोंड फुटल्यावर, ती युद्धापुरती बाजूला ठेवली गेली. गरज पडली तेव्हा रंग आड आला नाही. कॅरिबियन बेटांवरून हजारो तरुण या दलात गेले. बहुतेक जमिनीवरच्या कामांत, काहीशे प्रत्यक्ष उड्डाणात. भारतातूनही १९४० साली २४ वैमानिकांची तुकडी ब्रिटनला गेली होती. पण आपल्या वैमानिकांना परतायला स्वतःचे हवाई दल होते. १९३२ साली स्थापन झालेले ते दल छोटे का असेना, पण होते. युद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडालेले हृषीकेश मुळगावकर पुढे १९७६ मध्ये त्याच दलाचे प्रमुख झाले. ब्रेथवेटला परतण्यासाठी असे काही नव्हते. युद्ध संपले, गणवेश उतरला, आणि तो लंडनमध्ये नोकरी शोधू लागला.

इथून पुढची हकिगत वाचताना आजही जीव कळवळतो. भौतिकशास्त्राचा अभ्यास केंब्रिजमध्ये झालेला, कामाचा अनुभव गाठीशी, हवाई दलातली सेवा अर्जात नोंदलेली. अर्ज वाचून मुलाखतीची पत्रे येत. तो दारात उभा राहिला, की समोरच्यांचे चेहरे बदलत. एका कंपनीत त्याला सगळे प्रश्न विचारले, सगळी उत्तरे बरोबर आली, आणि मग अदबीने सांगण्यात आले की तुम्हाला इंग्रज कर्मचाऱ्यांच्या वर बसवावे लागेल आणि ते त्यांना रुचणार नाही. दुसरीकडे जागा नुकतीच भरली गेली होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. त्या सभ्य नकाराने तो आतून पोळत गेला. याच देशासाठी आपण आकाशात जीव धोक्यात घातला, ही एकच गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा टोचत होती.

लंडनच्या सेंट जेम्स पार्कमध्ये बाकावर बसलेल्या एका वृद्धाने त्याला सहज सुचवले, शिक्षक का होत नाहीस? पूर्व लंडनमध्ये शिक्षक मिळत नाहीत. मनात आस्था नव्हती, पण पोटाला नोकरी हवी होती. असा तो केबल स्ट्रीटवरच्या सेंट जॉर्ज इन द ईस्ट या शाळेत पोहोचला. वस्ती गोदी कामगारांची, बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेली.

या शाळेच्या मुख्याध्यापकांवर दोन शब्द जास्त लिहायलाच हवेत, कारण त्यांच्याविना ही गोष्ट घडलीच नसती. अॅलेक्स ब्लूम यांनी १९४५ साली शाळा हाती घेतली ती छडी बाहेर ठेवूनच. मार नाही, गुणांची चढाओढ नाही, बक्षिसे नाहीत. शाळेच्या कारभारात मुलांची समिती. आणि सर्वांत धाडसी गोष्ट म्हणजे साप्ताहिक आढावा: दर आठवड्याला प्रत्येक मुलाने शाळेबद्दल, शिक्षकांबद्दल मनात असेल ते लिहायचे आणि त्याबद्दल कुणी रागवायचे नाही. विद्यार्थी शिक्षकाचे मूल्यमापन करतो ही कल्पना आजही आपल्याकडे अनेकांना पचत नाही. ब्लूम १९५५ मध्ये गेले, तोवर ती तिथे रोज जगली जात होती.

नव्या शिक्षकाला मात्र मुलांनी सळो की पळो केले. डेस्कची झाकणे आपटणे, ओव्या-अभंगासारख्या शिव्या, उगाच खोकणे. एके दिवशी वर्गाच्या शेगडीत मुलींनी काहीतरी घाण जाळली आणि त्याचा तोल सुटला. त्या संतापातून बाहेर पडताना त्याला उमगले, की या मुलांशी मोठ्या माणसांशी बोलावे तसे आजवर कुणी बोललेच नाही. मग त्याने जाहीर केले: या वर्गात मुलींना 'मिस' म्हणायचे, मुलांना आडनावाने हाक मारायची, आणि मला 'सर'. कोणत्याही विषयावर मोकळेपणाने बोलता येईल. नंतर तो त्यांना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात घेऊन गेला. साप्ताहिक आढाव्यात मुलांनी नव्या रीतीबद्दल बरे लिहिले, तेव्हा कुठे त्याला धीर आला.

खरी परीक्षा वेगळीच होती. वर्गातल्या एका मिश्रवर्णीय मुलाची आई वारली. मुलांनी वर्गणी काढून फुलांचे चक्र घेतले, पण ते त्याच्या घरी नेऊन द्यायला तयार होईनात. काळ्या माणसाच्या घरी जाताना लोकांनी पाहिले तर काय म्हणतील? ज्यांच्यासाठी आपण जीव ओतला, त्यांच्या तोंडून हे ऐकून ब्रेथवेट कोसळला. अंत्ययात्रेच्या दिवशी तो एकटाच निघाला. गल्लीत पोहोचला तर जवळजवळ सगळा वर्ग चांगल्या कपड्यांत तिथे उभा होता.

वर्ष संपले तेव्हा मुलांनी त्याला एक पुडके दिले. वर लिहिले होते, 'टू सर, विथ लव्ह', आणि खाली सह्या. १९५९ मध्ये याच नावाने त्याचे पुस्तक निघाले. १९६७ मध्ये त्यावर अभिनेता सिडनी पॉयटिएचा चित्रपट आला, आणि १९७४ मध्ये विनोद खन्नाचा 'इम्तिहान' त्याच बीजावर बेतला गेला. चित्रपटाबद्दल स्वतः ब्रेथवेट फारसे खूश नव्हते. रंगभेदाची धग त्यात पुरेशी उतरली नाही, अशी त्यांची खंत होती. त्याच शाळेतल्या एका माजी विद्यार्थ्याने पुढे आठवणींत त्यांचे चित्र अधिक कडक, छडीच्या बाजूचे काढले आहे. दोन्ही वाचावे, आत्मकथनात लेखक स्वतःला उजळून घेतोच, तरी त्या नकारांतला दाह खोटा ठरत नाही.

पुढे ते शाळेतून लंडनच्या समाजकल्याण खात्यात गेले आणि कुणी घ्यायला तयार नसलेल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी घरे शोधू लागले. स्वतंत्र गयानाचे संयुक्त राष्ट्रांतले प्रतिनिधी झाले, मग व्हेनेझुएलातले राजदूत. दक्षिण आफ्रिकेने त्यांच्या पुस्तकावरची बंदी १९७३ मध्ये उठवली, आणि ते तिथे गेले तेव्हा गोऱ्यांच्या हॉटेलात राहता यावे म्हणून सरकारने त्यांना 'मानद गोरा' ठरवले. तो शब्दही त्यांनी जपून ठेवला: १९७५च्या त्यांच्या पुस्तकाचे नाव 'ऑनररी व्हाइट' आहे. एक पदवी सरकारने दिलेली, एक मुलांनी. दोन्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आहेत. १२ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, वयाच्या १०४व्या वर्षी, सर गेले.