प्रश्न क्रमांक ५४८

१८८३ सालचा गुड फ्रायडे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नॉर्वे ग्रोव्ह नावाची नॉर्वेजियन स्थलांतरितांची वस्ती आहे. तिथले पाळक हर्मन प्रूस हे नॉर्वेजियन सिनॉड या मोठ्या ल्यूथरन संघटनेचे अध्यक्षही होते. त्या पवित्र दिवशी त्यांच्याच मंडळीतल्या विरोधकांनी त्यांना आणि त्यांच्या पाळक मुलाला चर्चमधून अक्षरशः उचलून बाहेर काढले.

भांडण पैशांचे नव्हते, जमिनीचेही नव्हते. मुलांकडून पाठ करून घेतल्या जाणाऱ्या एका धर्मपुस्तकातले एक उत्तर खरे की घातक, यावरून मंडळ्या दुभंगल्या होत्या. प्रश्नाचा क्रमांक होता ५४८.

देवाने केलेली माणसांची ‘निवड’ म्हणजे काय, असा तो प्रश्न. उत्तराचा आशय असा, की देऊ केलेली कृपा जे स्वीकारतील, ख्रिस्तावर विश्वास ठेवतील आणि त्यात अखेरपर्यंत टिकतील असे देवाला अनादिकाळापासून दिसले, त्यांना त्याने सार्वकालिक जीवनासाठी नेमले. वरवर पाहता यात वावगे काही वाटत नाही. पण ल्यूथरन श्रद्धेचा कणा असा, की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो स्वतःच्या सत्कर्मांमुळे नव्हे, तर कृपेने, विश्वासाच्या द्वारे. १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचे चौथे कलम हेच सांगते. मग पाठांतर करणाऱ्या मुलाने ‘मी विश्वास ठेवणार हे देवाला आधीच दिसले, म्हणून त्याने मला निवडले’ असे समजून घेतले तर? मग विश्वास हेच त्याचे पुण्यकर्म होऊन बसते, आणि समोरच्या दाराने हाकललेली कर्माची कल्पना मागच्या दाराने घरात येते.

मुलांच्या धड्यात ल्यूथरन धर्मशास्त्र असे अडखळले, ही काही पहिलीच वेळ नव्हती.

१५२७ साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या जन्मगावी, जर्मनीतल्या आइसलेबेनला, त्याचा शिष्य आणि मित्र योहान आग्रिकोला शाळा चालवत होता. गावातल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने १३० प्रश्नांची एक प्रश्नोत्तरी छापली. मुलांना आधी धाक घालू नये, अशी त्याची तळमळ होती. देवाच्या प्रेमाची सुवार्ता कळली की त्यातूनच खरा पश्चात्ताप उपजतो, असे तो मानत होता. त्याच वर्षी ल्यूथरचा सहकारी फिलिप मेलांख्थॉन सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करत होता आणि त्याला गावोगाव उलटेच चित्र दिसत होते. क्षमेचे प्रवचन ऐकून लोक निर्धास्त झाले होते. आधी आज्ञा शिकवा, त्यातून पापाची जाणीव होऊ द्या, मगच क्षमा सांगा, असे त्याने पाहणीच्या सूचनांत लिहिले. आग्रिकोलाला हा ल्यूथरच्या शिकवणीशी द्रोह वाटला. नोव्हेंबर १५२७ मध्ये तोर्गाऊ इथे ल्यूथरला मध्ये पडून दोघांत समेट करावा लागला.

शिक्षणशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर हा वाद आजही कोणत्याही पालकाला ओळखीचा वाटेल. मूल सुधारते ते चूक दाखवल्याने, की आपल्यावर माया आहे याची खात्री पटल्याने? आग्रिकोला आणि मेलांख्थॉन यांच्यापुढे मात्र त्याहून मोठे काही पणाला लागले होते. क्रम चुकला तर मूल एकतर निराश होईल, नाहीतर बेफिकीर. आणि दोन्ही वाटांनी ते ख्रिस्तापासून दुरावेल.

१५२९ साली ल्यूथरची ‘लहान प्रश्नोत्तरी’ आली. आधी ती भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापली गेली, म्हणजे घरचा कर्ता पुरुष मुलाबाळांना आणि नोकरांना त्यावरून शिकवू शकेल. ल्यूथरचा थोरला मुलगा हान्स तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. पुस्तकाचा क्रम ठाम आहे: आधी दहा आज्ञा, मग विश्वासांगीकार, मग प्रभूची प्रार्थना. या क्रमामागचा विचार ल्यूथरने १५२० मध्येच मांडला होता. आज्ञा आजार दाखवतात, विश्वासांगीकार औषध कुठे आहे ते सांगतो, प्रार्थना ते मागायला शिकवते. तरीही आज्ञांचा अर्थ सांगताना त्याने देवाचे भय आणि देवाचे प्रेम एकाच वाक्यात जोडले. मेलांख्थॉनचा क्रम राहिला, पण आग्रिकोलाची हाकही त्यात ऐकू येते. पुढे १५३७ नंतर वाद पुन्हा पेटला आणि तोवर ल्यूथरच्या विटेनबर्गला येऊन राहिलेला आग्रिकोला १५४० मध्ये ते गाव सोडून बर्लिनला गेला.

ल्यूथरचे पुस्तक छोटे होते. त्याचे विवरण मात्र वाढत गेले. १७३६ साली डेन्मार्क-नॉर्वेचा राजा सहावा क्रिश्चन याने दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या श्रद्धेची मोठेपणी जाहीर पुष्टी करण्याचा विधी, सक्तीचे केले. धर्मशिक्षणाची परीक्षा देऊन दृढीकरण झाल्याशिवाय लग्नही करता येईना. परीक्षा आली म्हणजे पाठ्यपुस्तक हवे. राजाच्या आज्ञेने धर्मोपदेशक एरिक पोंटोपिडान याने १७३७ मध्ये ७५९ प्रश्नांचे विवरण तयार केले. प्रश्न ५४८ त्यातलाच. हाच पोंटोपिडान पुढे बर्गेनचा बिशप झाला, आणि नॉर्वेच्या निसर्गावरच्या ग्रंथात त्याने क्राकेन या अजस्र समुद्री प्राण्याचे वर्णन केले.

पोंटोपिडानवर जर्मनीतल्या भक्तिवादी चळवळीची छाप होती. हाले शहर हे त्या चळवळीचे मोठे केंद्र. सहाव्या क्रिश्चनचा बाप, चौथा फ्रेडरिक, याने हालेशी नाते असलेले ल्यूथरन मिशनरी तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला धाडले, ते १७०६ मध्ये पोचले. त्यांच्याच परंपरेतला क्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ हा तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांचा शिक्षक झाला. राजांनी धर्म बदलला नाही. पण गुरूच्या मृत्यूनंतर त्याचे संगमरवरी स्मारक उभारले.

नॉर्वेत मात्र प्रश्न ५४८ पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होत राहिला. शेतकरी अमेरिकेला निघाले तेव्हा पोंटोपिडान त्यांच्याबरोबर गेला. तिथे नॉर्वेजियन सिनॉडचे जर्मन मिझुरी सिनॉडशी सख्य जुळले. मिझुरीचे धुरीण सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर यांची भिस्त १५७७च्या ‘एकमताचे सूत्र’ या ल्यूथरन कबुलीजबाबावर होती. त्यांच्या मते निवडीचे कारण केवळ देवाची दया आणि ख्रिस्ताचे पुण्य. माणसात देवाने आधी पाहिलेले काहीही नाही, विश्वाससुद्धा नाही. प्रूस त्यांच्याच बाजूचे. नॉर्वेजियन सिनॉडच्याच एफ. ए. श्मिट या प्राध्यापकाने १८८० पासून त्या मतावर जाहीर हल्ला चढवला: ही तर ल्यूथरनांना अमान्य असलेली कॅल्विनची शिकवण झाली, मग उरलेल्यांना देवाने का वगळले?

‘एकमताचे सूत्र’ डेन्मार्क-नॉर्वेने कधी स्वीकारलेच नव्हते. सामान्य नॉर्वेजियन माणसाला ते परके होते. पोंटोपिडान मात्र तो आईच्या शेजारी बसून शिकलेला. वाल्थर चूक की श्मिट, हे त्याला ठरवता आले नसेल. पण बालपणी घोकलेले उत्तर खोटे होते, हे ऐकून घेणे त्याला असह्य होते. श्मिटच्या बाजूचे लोक १८८७ मध्ये बाहेर पडले. सिनॉडचा सुमारे एक तृतीयांश भाग गेला.

जखम भरायला पंचवीस वर्षे लागली. १९१२ मध्ये मॅडिसन इथे समेट झाला. त्या दस्तऐवजात ‘एकमताच्या सूत्रा’चे अकरावे कलम आणि पोंटोपिडानचा प्रश्न ५४८, या दोन्ही मांडण्या एकत्र मान्य केल्या गेल्या. मोठ्यांच्या विद्वत्तापूर्ण कराराच्या पहिल्याच परिच्छेदात मुलांच्या पुस्तकातला प्रश्न, त्याच्या क्रमांकासकट. त्या पायावर १९१७ मध्ये तीन नॉर्वेजियन संघटना एक झाल्या.

काहींना तेही पटले नाही. १९१८च्या जूनमध्ये आयोवातल्या लेक मिल्सजवळच्या लाइम क्रीक चर्चमध्ये मोजके पाळक आणि कुटुंबे जमली. दोन उत्तरे शेजारी ठेवली तर मुलाने विसंबायचे कशावर, ही त्यांची काळजी होती. त्यांनी आपला वेगळा छोटा सिनॉड उभा केला. तो आजही आहे, आणि त्यांच्या शाळांतली मुले ल्यूथरची १५२९ची प्रश्नोत्तरी दहा आज्ञांपासूनच पाठ करायला सुरुवात करतात.