जुन्याच्या बाजूने तरुणांचे बंड

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत उजव्या विचारांचे मतदार भरपूर होते, उद्योगपती होते, वृत्तपत्रांचे मालकही होते. नव्हता तो या विचाराला विद्यापीठांत आणि बुद्धिजीवींच्या वर्तुळात मान. १९३३ पासून सलग वीस वर्षे राष्ट्राध्यक्षपद डेमोक्रॅटिक पक्षाकडे राहिले होते आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ने, म्हणजे महामंदीतून देशाला सावरण्यासाठी आखलेल्या सरकारी रोजगार योजना, वृद्धांसाठी निवृत्तिवेतन, कामगारांना संरक्षण आणि बाजारावरील नियंत्रणे यांनी, केंद्र सरकारच्या कामाची व्याप्तीच बदलून टाकली होती. या धोरणाचे समर्थक ते अमेरिकेच्या राजकीय परिभाषेत ‘लिबरल’ आणि त्याला विरोध करून खासगी उद्योग, धर्म आणि घटक राज्यांचे अधिकार यांचा कैवार घेणारे ते ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’, अशी विभागणी तेव्हाच पक्की झाली. देशात लिबरल विचाराखेरीज दुसरी बौद्धिक परंपराच उरलेली नाही, असे समीक्षक लायनेल ट्रिलिंग यांनी १९५० मध्ये लिहिले तेव्हा त्यात त्यांना समाधानापेक्षा काळजीच अधिक वाटत होती. पण विधान वस्तुस्थितीला धरून आहे याबद्दल फारसा कोणाला संशय नव्हता.

पुढच्याच वर्षी या समजुतीला पहिला धक्का बसला. १९५१ च्या ऑक्टोबरात ‘गॉड अँड मॅन अ‍ॅट येल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याचे लेखक विल्यम बकली हे तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. मेक्सिको आणि व्हेनेझुएलातील तेलाच्या व्यवसायात पैसा मिळवलेल्या एका श्रीमंत कॅथलिक घरातील दहा भावंडांपैकी ते सहावे. महायुद्धाच्या अखेरीस लष्करात राहून ते येल विद्यापीठात आले आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या दैनिकाचे संपादक झाले. १९५० च्या फेब्रुवारीत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्यासाठी त्यांची निवड झाली होती. परंतु भाषणाचा मसुदा पाहून विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी तो सौम्य करण्यास सुचवले, बकलींनी शब्द बदलण्याऐवजी भाषणच मागे घेण्याची तयारी दाखवली आणि विद्यापीठाने ती लगेच मान्य केली. न झालेल्या भाषणाचेच पुढे पुस्तक झाले, असे म्हटले तरी चालेल.

या पुस्तकाची मांडणी वरवर पाहता साधी आहे. १७०१ मध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनी स्थापन केलेल्या या विद्यापीठात धर्माची टिंगल करणारे प्राध्यापक आहेत आणि अर्थशास्त्राच्या वर्गात लावलेली पाठ्यपुस्तके, पॉल सॅम्युएल्सन यांचे १९४८ चे गाजलेले पुस्तक त्यात आलेच, सरकारी हस्तक्षेपाकडे झुकलेली आहेत, असे बकलींनी विषयवार, पुस्तकवार आणि काही ठिकाणी प्राध्यापकांची नावे घेऊन दाखवण्याचा प्रयत्न केला. खरी ठिणगी पडली ती त्यांनी सुचवलेल्या उपायामुळे. विद्यापीठ चालते ते पालकांच्या शुल्कावर आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर, हे देणगीदार बहुतांशी ख्रिस्ती श्रद्धेचे आणि खासगी उद्योगाचे समर्थक आहेत, तेव्हा आपल्या पैशाने काय शिकवले जावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच असून प्राध्यापकांचे ‘अध्यापनस्वातंत्र्य’ ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. धर्माच्या रक्षणासाठी उभा केलेला हा युक्तिवाद मुळात दुकानदारीचा आहे, ही गोष्ट तरुण लेखकाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. कारण उद्या देणगीदार नास्तिक झाले तर याच न्यायाने येलमध्ये नास्तिकता शिकवावी लागेल. हार्वर्डचे मॅकजॉर्ज बंडी यांनी पुस्तकावर कडाडून टीका केली आणि येलच्या प्रॉटेस्टंट परंपरेची वकिली करणारा लेखक स्वतः कॅथलिक असल्याचे सांगत नाही, याकडेही बोट दाखवले. टीकेमुळे खप वाढतो हा प्रकाशनव्यवसायातील जुना अनुभव इथेही आला.

बाजार आणि परंपरा यांची ही ओढाताण एकट्या बकलींची नव्हती. एका बाजूला रसेल कर्क यांच्यासारखे परंपरावादी होते, ज्यांनी १९५३ च्या ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड’ या ग्रंथात एडमंड बर्क यांच्यापासूनची वैचारिक वंशावळ मांडली आणि ज्यांना कारखानदारीने उद्ध्वस्त केलेल्या गावांचे दुःख होते; दुसऱ्या बाजूला ‘लिबर्टेरियन’ म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य आणि खुला बाजार यांपलीकडे राज्यसंस्थेचे काही देणे न मानणारे लोक होते. १९५५ च्या नोव्हेंबरात बकलींनी ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले तेव्हा या दोघांना एकाच छपराखाली नांदवणे हे त्याचे मुख्य काम ठरले आणि त्याची तात्त्विक बैठक घालून दिली ती पूर्वी कम्युनिस्ट असलेल्या फ्रँक मेयर यांनी. सद्‍गुण सक्तीने आणता येत नाही, म्हणून राज्याने माणसाला मोकळे सोडावे. पण मोकळ्या माणसाने सद्‍गुणीच असावे, म्हणून धर्म आणि परंपरा यांनी त्याला वळण लावावे, अशी त्यांची मांडणी होती. तिला पुढे ‘फ्यूजनिझम’ म्हणजे विलीनीकरणवाद हे नाव पडले, जे खुद्द मेयर यांना आवडत नसे. सोव्हिएत संघ हा दोघांचाही समान शत्रू होता, तेव्हा तत्त्वज्ञानातील सांधा थोडा कच्चा असला तरी काम भागत होते.

या विचाराला तरुणांची संघटना मिळाली ती १९६० च्या सप्टेंबरात, कनेक्टिकट राज्यातील शॅरन या लहानशा गावी. बकली कुटुंबाच्या ‘ग्रेट एल्म’ नावाच्या वाड्यावर नव्वदच्या आसपास विद्यार्थी आणि तरुण कार्यकर्ते जमले. त्यांतील बरेच जण दोनच महिन्यांपूर्वी शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांच्यासाठी धावपळ करून निराश झालेले होते. ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ ही संघटना तिथे जन्माला आली. नावात ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हा शब्द घालावा की नाही यावर वाद झाला आणि तो न घालण्याचे ठरले. जाहीरनाम्यात देवाचा उल्लेख असावा की नाही यावरही मतदान घ्यावे लागले आणि देव थोडक्या मतांनी तरला. या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे स्टँटन एव्हान्स हे सव्वीस वर्षांचे होते आणि त्या वयात ते ‘इंडियानापोलिस न्यूज’ या दैनिकाचे संपादक होते.

‘शॅरन स्टेटमेंट’ या नावाने ओळखला जाणारा हा मजकूर एका पानात मावतो. ईश्वरदत्त इच्छास्वातंत्र्य हे आद्य मूल्य. आर्थिक स्वातंत्र्याविना राजकीय स्वातंत्र्य टिकत नाही. सरकारचे काम अंतर्गत सुव्यवस्था, संरक्षण आणि न्यायदान एवढेच. राज्यघटनेने केंद्राला स्पष्टपणे न दिलेले अधिकार घटक राज्यांचे. आणि आंतरराष्ट्रीय साम्यवादाशी सहजीवन नव्हे तर त्याच्यावर विजय हे राष्ट्राचे ध्येय, असा त्याचा सारांश सांगता येईल. दोन वर्षांनी डाव्या विद्यार्थी संघटनेने मिशिगन राज्यात तयार केलेला ‘पोर्ट ह्युरॉन’ जाहीरनामा याच्या कितीतरी पट लांब आहे. मोजक्या शब्दांत म्हणणे मांडण्याच्या बाबतीत उजवे तरुण सरस ठरले, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करायला हरकत नाही.

पण या मजकुरात जे नाही ते अधिक बोलके आहे. १९६० च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहातील जागी बसले आणि काही आठवड्यांत त्या सत्याग्रहाचे लोण दक्षिणेतील अनेक शहरांत पसरले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या त्याच पिढीच्या तरुणांनी सात महिन्यांनंतर त्याबद्दल एक शब्दही लिहिला नाही, आणि घटक राज्यांच्या अधिकारांचे कलम मात्र आवर्जून घातले, ज्याचा आधार घेऊनच दक्षिणेतील राज्ये वर्णभेद टिकवून होती. ‘नॅशनल रिव्ह्यू’ने तर १९५७ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेतील गोऱ्यांनी संख्येने कमी असलेल्या ठिकाणीही वर्चस्व राखणे समर्थनीय आहे, असा अग्रलेख छापला होता. त्याला त्याच नियतकालिकात विरोध करणारे ब्रेंट बोझेल हे बकलींचे मेहुणे, हे इथे नोंदवायला हवे. १९६५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या वादविवाद सभेत कादंबरीकार जेम्स बॉल्डविन यांच्यासमोर बकली उभे राहिले तेव्हा सभेने ५४४ विरुद्ध १६४ मतांनी बॉल्डविन यांच्या बाजूने कौल दिला. आपली त्या काळातील भूमिका चुकली, हे बकलींनी म्हातारपणी कबूल केले. परंतु तोवर रिपब्लिकन पक्षाचा नकाशा बदलून गेला होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलेल्या गोल्डवॉटर यांना त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फक्त सहा राज्ये मिळाली, त्यांत स्वतःचे अ‍ॅरिझोना सोडले तर उरलेली पाचही खोल दक्षिणेतील होती.

तो पराभव दारुण होता, तरी त्यातून तरुणांनी जे यंत्र उभे केले त्याची जाण असल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’चे कार्यकारी सचिव राहिलेले रिचर्ड व्हिगरी निवडणुकीनंतर वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या कार्यालयात गेले, जिथे गोल्डवॉटर यांना ५० डॉलर किंवा अधिक देणाऱ्यांची नावे कायद्याने सर्वांसाठी खुली होती, आणि मदतनीस घेऊन ती हाताने उतरवू लागले. हे काम थांबवले जाईपर्यंत सुमारे १२,५०० नावे-पत्ते त्यांच्या हाती आले होते. टपालाने थेट दारात पत्र पाठवून पाच-दहा डॉलरची वर्गणी गोळा करण्याचे जे तंत्र त्यांनी या यादीवर उभारले, त्यामुळे उजव्या चळवळीला पक्षाच्या धनिकांकडे आणि मोठ्या वृत्तपत्रांकडे पाहण्याची गरज उरली नाही. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन निवडून आले, जे या तरुण संघटनेच्या सल्लागार मंडळावर १९६० च्या दशकापासून होते, तेव्हा त्यामागे विचारांइतकाच या यादीचाही हात होता.

मधल्या काळात फ्यूजनिझमचा तो कच्चा सांधा एकदा उघडपणे निखळला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये संघटनेच्या सेंट लुइस येथील अधिवेशनात व्हिएतनाम युद्धासाठीच्या सक्तीच्या सैन्यभरतीवरून लिबर्टेरियन आणि परंपरावादी समोरासमोर आले, सभागृहात एकाने सैन्यभरतीचे कार्ड पेटवल्यावर धक्काबुक्की झाली आणि लिबर्टेरियन गट संघटनेबाहेर पडला. दोन वर्षांनी कोलोरॅडोत स्थापन झालेल्या लिबर्टेरियन पक्षाला या फुटीतून बाहेर पडलेल्यांचे बळ मिळाले.

रेगन यांच्या काळातील तरुण उजव्यांची गोष्ट मुंबईपर्यंत येऊन पोहोचते. १९८० मध्ये न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ महाविद्यालयात ‘डार्टमथ रिव्ह्यू’ हे विद्यार्थ्यांचे स्वतंत्र वृत्तपत्र निघाले, ज्याचे आश्रयदाते जेफ्री हार्ट हे तिथे इंग्रजीचे प्राध्यापक आणि ‘नॅशनल रिव्ह्यू’चे वरिष्ठ संपादक होते. या वृत्तपत्राच्या संपादकांपैकी एक दिनेश डिसूझा हे १९६१ मध्ये मुंबईत एका गोवन कॅथलिक कुटुंबात जन्मले होते आणि विद्यार्थी-आदानप्रदान योजनेतून १९७८ मध्ये अमेरिकेत आले होते. बकलींच्या पिढीचा सूर उच्चभ्रू आणि शब्दबंबाळ होता. या पिढीने त्याजागी खोडसाळपणा आणला, अल्पसंख्याकांची टवाळी केली आणि त्यावर संताप उसळला की तोच आपल्या बाजूचा पुरावा मानला. १९८६ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या निषेधार्थ महाविद्यालयाच्या हिरवळीवर विद्यार्थ्यांनी उभारलेल्या झोपड्या रात्री घणांनी फोडल्या गेल्या आणि फोडणाऱ्यांत बहुसंख्य याच वृत्तपत्राशी संबंधित निघाले. डिसूझा यांनी पुढे रेगन यांच्या प्रशासनात काम केले आणि १९९१ मध्ये ‘इलिबरल एज्युकेशन’ हे पुस्तक लिहिले, जे विषयाने पाहता येलवरील पुस्तकाचा वारसा सांगणारे आहे. फक्त यावेळी तक्रार प्राध्यापकांच्या नास्तिकतेबद्दल नसून वंश आणि लिंग यांविषयीच्या त्यांच्या आग्रहाबद्दल होती. निवडणूक निधीच्या नियमभंगाबद्दल त्यांनी २०१४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

प्राध्यापक हाच मुख्य प्रतिपक्ष, हे सूत्र त्यानंतरही सुटले नाही. २०१२ मध्ये अठरा वर्षांचे असताना ‘टर्निंग पॉइंट यूएसए’ स्थापन करणाऱ्या चार्ली कर्क यांच्या या संघटनेने २०१६ मध्ये डाव्या प्राध्यापकांची नावानिशी यादीच प्रसिद्ध केली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात युटातील एका विद्यापीठाच्या प्रांगणात विद्यार्थ्यांशी वाद घालत असतानाच त्यांची गोळी झाडून हत्या झाली. स्वतः महाविद्यालयीन पदवी न घेतलेला माणूस विद्यार्थी चळवळीचा सर्वांत मोठा नेता व्हावा, यात या चळवळीचा ज्ञानसंस्थांशी असलेला संबंध किती बदलला ते दिसते. बकलींना येल सुधारून हवे होते, नव्या पिढीतल्या पुष्कळांना त्याची गरजच वाटत नाही.

सोव्हिएत संघ गेल्यावर समान शत्रूही गेला, आणि आजचा तरुण उजवा परदेशी मालावरील जकात, कारखान्यांना सरकारी संरक्षण आणि कुटुंबांना सरकारी साहाय्य यांबद्दल ज्या आपुलकीने बोलतो ती १९६० च्या तरुणांना पाखंड वाटली असती. २०२२ मध्ये ‘नॅशनल कॉन्झर्व्हेटिझम’ या प्रवाहाने आपली तत्त्वे जाहीर केली, तेव्हा राष्ट्र, धर्म आणि कुटुंब यांना त्यांत अग्रस्थान मिळाले आणि खुल्या बाजाराचा स्वीकार राष्ट्रहिताच्या अटीवर झाला. त्याला उत्तर म्हणून २०२३ च्या जुलैत दुसऱ्या गटाने ‘फ्रीडम कॉन्झर्व्हेटिझम’ या नावाने शॅरनच्या मजकुराला उघडपणे स्मरून नवा जाहीरनामा काढला. व्यक्तिस्वातंत्र्य, खासगी उद्योग, मर्यादित सरकार ही जुनी कलमे त्यात आहेतच; शिवाय गुलामगिरी आणि वर्णभेद हे सरकारांनीच कायद्याने लादलेले होते आणि त्यांचे परिणाम त्यांना बळी पडलेल्यांचे वंशज आजही भोगत आहेत, असे एक कलम त्यात आहे, जे लिहायला या परंपरेला त्रेसष्ट वर्षे लागली.