विश्लेषण : गिधाडे संपली, मग मेलेल्या जनावरांचे काय झाले?

गाय वा म्हैस मेली की तिला गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी नेऊन टाकायचे, कातडे सोलणाऱ्याने आपले काम आटोपायचे आणि उरलेले गिधाडांवर सोडायचे, ही गावोगावची जुनी व्यवस्था. ती चालवायला ना ग्रामपंचायतीचा खर्च होता, ना कुणाची देखरेख. १९९०च्या दशकात देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली आणि ही व्यवस्थाच कोसळली. त्याची किंमत माणसांनी जिवानिशी मोजल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन सांगते.

जंगलात मेलेले जनावर कुठे जाते?

वाघाने सांबर मारले तर ते एकट्या वाघाचे जेवण नसते. त्याचे पोट भरले की कोल्हे, तरस, रानडुकरे, कावळे, गिधाडे अशी रांगच लागते. शेवटी अळ्या, भुंगेरे आणि जिवाणू उरलेसुरले संपवतात आणि त्यातील नत्र, कॅल्शियम मातीत परत जाते. त्यामुळे शिकारी प्राणी घटले की मृतभक्षक प्राण्यांचाही घास तुटतो.

गावात वाघ नाही, पण मेलेली जनावरे भरपूर. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात गायी-म्हशींची संख्या ३० कोटींहून अधिक आहे. बहुतांश राज्यांत गोवंश हत्येवर निर्बंध असल्याने यातील असंख्य जनावरे वार्धक्याने वा आजाराने मरतात. एवढे मांस एरवी कोण खाणार?

हे काम गिधाडच का करू शकते?

कावळा, घार, कुत्रा हेही मेलेले खातात, पण त्यांना दुसरेही काही चालते. गिधाडाची उपजीविकाच त्यावर. पंख न हलवता ते तासन् तास घिरट्या घालते. एक खाली उतरले की दुरून बाकीचे पाहतात आणि थवा जमतो. शंभरभर गिधाडे तासाभरात गायीचा सांगाडा उघडा करतात. त्यांच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. हाडे गोळा करून विकणाऱ्यांनाही ती स्वच्छ झालेली आयती मिळत.

मग एवढी गिधाडे मेली कशाने?

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना ही घट प्रथम ठळकपणे जाणवली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीची गिधाडे सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. आधी संशय विषाणूवर होता. २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून खरे कारण समोर आले : डायक्लोफेनॅक. सांधेदुखीवर माणसे घेतात तेच वेदनाशामक. स्वस्त झाल्यावर ते लंगडणाऱ्या, ताप आलेल्या जनावरांना सर्रास टोचले जाऊ लागले. इंजेक्शननंतर लवकरच जनावर दगावले तर औषध त्याच्या मांसात राहते. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, यूरिक आम्लाचे पांढरे थर आतल्या अवयवांवर साचतात आणि ते मरते. गिधाडे थव्याने जेवतात, हीच इथे त्यांची मोठी अडचण. शंभरातल्या एखाद्या मृत जनावरातही हे औषध असले, तरी एवढी घसरण व्हायला ते पुरेसे होते, असे गणित शास्त्रज्ञांनी मांडले.

माणसाचे काय बिघडले?

मृत जनावरे उघड्यावर कुजू लागली, पाण्यात पडू लागली. भटक्या कुत्र्यांना आयते अन्न मिळाले, पण कुत्रे मांस अर्धवट सोडतात, शिवाय रेबीज पसरवतात. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडे असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना केली. गिधाडे गेलेल्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले आणि वर्षाला जवळपास ६९ अब्ज डॉलरचे नुकसान झाले, असा त्यांचा अंदाज. हा सांख्यिकी अंदाज आहे, मृतांची मोजणी नव्हे; पण तो निम्मा धरला तरी हादरवणारा आहे. मुंबईत मलबार हिलच्या दोखम्यातील पारशी अंत्यविधीही यातून सुटला नाही. तिथे सौर परावर्तक बसवावे लागले.

बंदी आहे, मग धोका का टळला नाही?

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मात्र माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांवर तीन मिलीलीटरची मर्यादा घातली गेली. पुढे अॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडवर २०२४च्या अखेरीस बंदी आली. म्हणजे एक औषध बंद होईपर्यंत दुसरे दुकानात हजर. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल हे सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत, त्यामुळे पशुपालकाची अडचण होते हा युक्तिवाद टिकत नाही. दुसरा धोका विषाचा. बिबट्याने वा कुत्र्यांनी जनावर मारले की संतापून त्यावर कीटकनाशक टाकले जाते आणि बळी जातो तो नंतर उतरणाऱ्या गिधाडांचा.

महाराष्ट्रात काय सुरू आहे?

रायगड, नाशिक, गडचिरोलीत ‘गिधाड उपाहारगृहे’ चालवली गेली. औषधमुक्त मृत जनावर ठरलेल्या जागी ठेवायचे, एवढीच त्यामागील साधी कल्पना. हरियाणातील पिंजोर येथील बीएनएचएसच्या प्रजनन केंद्रातून आणलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमधून मुक्त करण्यात आली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात, त्यामुळे पुनरागमन वेगाने होणार नाही. ताडोबातून निघालेले एक गिधाड तर सुमारे चार हजार किलोमीटर भटकून तमिळनाडूत पोहोचले. एवढ्या वाटेवर ते कुठल्या गोठ्यातले मेलेले जनावर खाईल, हे कुठल्याही एका वनविभागाच्या हातात नाही.